इंजिनाखालचा हीर

देवबागला आमचं घर आहे तिथे जमीन इतकी अरुंद, की पडवीत बसलं तर एका कानानं दर्या ऐकू येतो नि दुसऱ्या कानानं खाडी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे माडांची एक लांबट पट्टी. पट्टीच्या दक्षिण टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे दिसतं. पर्यटक या जागेला संगम म्हणतात. फोटोत ती फार शांत दिसते, पण तिथली वाळू एका जागी राहत नाही. पावसाळ्यात नदी ती बाहेर ढकलते, पुढे समुद्र ती परत आत लोटतो. काल जिथून होडी सुखरूप गेली, तिथे आज गुडघाभर पाणी असतं. भांगाच्या दिवसांत एक वेळ निभावतं. पण पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटी लागली, की खाडीचं तोंड उथळ होतं आणि इंजिन वर घेतल्याशिवाय होडी बाहेर पडत नाही.

ज्यांनी हे इंजिन जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं असतं ते आऊटबोर्ड इंजिन. वर डोकं, खाली लांब पाय, आणि पायाच्या शेवटी पंखा. पाणी उथळ झालं की हा पाय वर उचलायचा. लहान इंजिन हातानं उचलता येतं. माझं इंजिन चाळीस घोड्यांचं, वजन नव्वद-शंभर किलोच्या घरात. त्याला बटण होतं. बटण दाबलं की एक छोटी विजेची मोटर कुईऽऽ आवाज करत पंप फिरवायची, पंप तेल ढकलायचा आणि तेलाच्या दाबानं एक पोलादी दांडा नळकांड्यातून बाहेर येऊन इंजिन वर उचलायचा. ट्रॅक्टरचा नांगर ज्या तत्त्वावर उचलला जातो, डंपरची पाठ ज्या तत्त्वावर वर जाते, तेच हे. गंमत अशी, की हे सगळं वजन उभं राहतं ते अर्ध्या-पाऊण लिटर तेलावर. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून इंजिन वर राहतं. तेलाला वाट मिळाली, की इंजिन खाली.

हे इंजिन मी २०१२ साली गोव्याहून जुनं घेतलं. फायबरची होडी पतसंस्थेच्या कर्जातून झाली, पण इंजिनाला पैसे कमी पडत होते. बाबांनी कुणाला न सांगता त्यांची लाकडी होडी विकली. त्या होडीवर त्यांनी पंचवीस वर्षं मासे मारले होते. संध्याकाळी पैसे आईच्या हातात दिले नि म्हणाले, "झिलाक दी. माका आता खंय जावचा आसा?" त्यानंतर ते त्या होडीबद्दल कधी बोलले नाहीत. माझ्या होडीवरही ते फारसे चढले नाहीत. किनाऱ्यावर बसून जाळी विणायचे नि मी डॉल्फिन बघायला माणसं घेऊन बाहेर पडलो, की मान वर करून एकदा बघायचे.

दोन हंगाम इंजिन उत्तम चाललं. २०१४ च्या पावसाळ्यानंतर होडी परत पाण्यात घातली नि काहीतरी बिघडल्याचं लक्षात आलं. रात्री इंजिन पूर्ण वर घेऊन घरी जायचो. सकाळी बघावं तर ते वीतभर खाली आलेलं. आठवड्याभरानं हातभर. मग एका सकाळी पंख्याचं टोक वाळूतच रुतलेलं. मी तेलाची टाकी उघडून बघितली, तेल कमी. भरलं. दोन दिवस बरं गेलं. पुन्हा कमी. पुन्हा भरलं.

पुढे ते माझ्या अंगवळणीच पडलं. सीटखाली तेलाची बाटली ठेवलेली असायची. सकाळी दात घासावेत तसं टाकीत तेल घालायचं आणि कामाला लागायचं. जे भरत होतो ते कुठेतरी जात होतं, एवढा साधा हिशेब मी केला नाही. खरं सांगायचं तर केला होता, पण मनात पुढे सरकू दिला नाही. दिवाळीची सुट्टी लागली होती, माणसं रांगेत उभी होती आणि पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला होता. होडीच्या मागे पाण्यावर एक रंगीत तवंग पसरायचा. उन्हात तो जांभळा-हिरवा चमकायचा. एकदा एका लहान मुलीनं तो बघून टाळ्या वाजवल्या. "आई, बघ, पाण्यात इंद्रधनुष्य!" मी हसलो.

त्याच आठवड्यात अमावास्या होती. सांगलीकडचं एक कुटुंब होडीत होतं, आजीपासून नातवापर्यंत सहा जण. परत येताना ओहोटी जोरात होती. खाडीच्या तोंडाशी मी इंजिन अर्धं वर घेतलं नि हळूहळू आत शिरायला लागलो. पाठीमागून लाट येत होती. अर्ध्या वाटेवर इंजिन आपोआप खाली बसलं. मी बटण दाबलं, मोटर नुसती ओरडली. पंखा वाळूत घुसला, इंजिन बंद पडलं आणि होडी लाटेला आडवी झाली.

होडी आडवी होणं म्हणजे काय, ते दर्यावर्दी माणसाला सांगावं लागत नाही. पुढची लाट जरा मोठी असती तर होडी कलंडली असती. सगळ्यांच्या अंगावर जॅकेट होती, पण त्या आजीनं नातवाला असं काही घट्ट धरलं होतं की दोघांनाही हलता आलं नसतं. मी उडी मारली. पाणी कमरेएवढं होतं. खांदा लावून होडीचं तोंड फिरवलं आणि ढकलत ढकलत आत आणली. मिनिटभराचा खेळ. त्यांना वाटलं, असंच असतं. उतरताना त्या आजोबांनी वर बक्षीस म्हणून शंभराची नोट काढली. ती घेताना माझा हात थरथरत होता, तो थंडीनं असं त्यांना वाटलं असेल.

बाबा किनाऱ्यावर होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालवणहून मेस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं, वास घेतला. "ह्यां उघडण्यात अर्थ नाय. पुरा युनिट बदल," म्हणाला. किंमत सांगितली ती मी इंजिन घेतलं त्याच्या निम्मी होती. मी म्हटलं, बघतो. आणि बाटली पुन्हा सीटखाली ठेवली. फक्त मोठ्या ओहोटीला तोंडातून जायचं नाही एवढं ठरवलं, नि त्यालाच शहाणपण समजलो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकी घरी आली. माझी सख्खी काकी. ओहोटीला खाडीत उतरून मुळे काढणं हा तिचा कित्येक वर्षांचा उद्योग. गुडघ्याएवढ्या पाण्यात पायानं चाचपायचं, वाळूत हात घालायचा, टोपलीत टाकायचं. घरापुरते ठेवून उरलेले विकायचे. तिची जागा आमच्या होडीपासून हाकेच्या अंतरावर. ती पडवीत टेकली नि आईला म्हणाली, "ह्या वर्सा मुळ्यांका कसलो तरी वास येता गो. राकेलासारखो. काल एका गिऱ्हायकान परत आणून दिल्यान."

मी आत जेवत होतो. घास तसाच राहिला. आई काहीतरी बोलली. बाबा जाळं विणत होते, त्यांची सुई थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सुई थांबली एवढंच. काकी उठून गेल्यावर ते आत आले आणि म्हणाले, "तेल खंयसून गळता, ता बघितलंस कधी?"

"टिल्टमधून," मी म्हटलं.

"टिल्ट म्हंजे केवढो मोठो. खंयसून?"

मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी भरतीला होडी जितकी वर घेता येईल तितकी किनाऱ्याला घेतली. बाबांना यंत्रातलं काही कळत नव्हतं. आयुष्यभर वल्ही आणि शीड. पण लाकडी होडी गळायला लागली की ते काय करायचे, हे मी लहानपणी बघितलं होतं. होडी वाळूवर घेऊन तिच्या आत पाणी भरायचं आणि बाहेरून बघत बसायचं. बाहेरून आत येणारं पाणी दिसत नाही, आतून बाहेर येणारं दिसतं. जिथे ओल उमटेल तिथे खूण करायची, मगच कापूस ठोकायला घ्यायचा. "थेंब पडता थंय भोक नसता," ते म्हणायचे. कौलांच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे पटेल. पाणी पडतं माजघरात, फुटलेला नळा असतो पार वर, आढ्याजवळ.

त्यांनी मला ते सगळं नळकांडं आधी डिझेलनं धुवायला लावलं, मग साबणानं, मग फडक्यानं कोरडं. दोन वर्षांचं मीठ, मेण आणि चिखल निघाला. मग ते घरात गेले आणि आईची पावडरची डबी घेऊन आले. अंगाला लावायची पावडर. ती त्यांनी सगळीकडे भुरभुरली, बाळाला लावावी तशी. मला म्हणाले, "आता वर-खाली कर. आणि गप बघ."

मी बटण दाबलं. वर, खाली. वर, खाली. मला वाटत होतं टाकीचं झाकण गळत असेल, किंवा मोटर जिथे बसते तो सांधा. तेल तिथेच जास्त दिसायचं. पण तिथली पावडर कोरडी. पाचव्या खेपेला, दांडा नळकांड्यातून जिथून बाहेर येतो त्या टोपीच्या कडेला, पावडरीत एक राखाडी रेघ उमटली. रेघ खाली घरंगळली, वळली आणि मोटरच्या सांध्याशी येऊन तिचा थेंब झाला. दीड महिना मी त्या थेंबाकडे बघत होतो. गळत होतं वीतभर वर.

बाबांनी दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. "हय बघ." एका जागी नख अडकलं. मग आणखी एका जागी. आरशासारख्या दांड्यावर मोहरीच्या दाण्याहूनही लहान खड्डे पडले होते, क्रोमचा मुलामा उडून. इंजिन वर-खाली होताना प्रत्येक खड्डा सीलाच्या रबरी ओठावर करवतीसारखा फिरत होता.

आणि ते खड्डे पडले होते माझ्याच काळजीमुळे. इंजिनाचा पाय रात्रभर पाण्यात राहिला की त्याला शेवाळ धरतं, कवचं चिकटतात, म्हणून आम्ही सगळेच इंजिन वर घेऊन ठेवतो. इंजिन वर म्हणजे दांडा बाहेर. दिवसरात्र खारा वारा, उडणारं पाणी, वर वाळणारं मीठ. पाय वाचवण्यासाठी मी दांडा उघड्यावर टाकत होतो नि त्याला कधी गोडं पाणी दाखवलं नव्हतं.

आता ते खोलायचं ठरलं. नळकांडं इंजिन आणि होडी यांच्या मधे, दोन जाड खिळींवर बसलेलं. ते काढायचं तर इंजिनाचा भार दुसऱ्या कशावर तरी घ्यायला हवा. इंजिनाला बाजूला एक लोखंडी आडणा असतो, वर घेतल्यावर लावून ठेवायचा. मी तो लावला नि पाना घेऊन वरच्या खिळीला हात घातला.

"हात काढ आधी!" बाबा असे ओरडले की माडावरचे कावळे उडाले. "तेचो दम अजून आत आसा."

दम म्हणजे तेलाचा दाब. बाजूला एक स्क्रू असतो, तो सोडला की दाब जातो. ते मला माहीत होतं, पण आडणा लावलाय ना, असं मी म्हटलं. बाबांनी आडण्याकडे बोट दाखवलं. गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. ते परसातून उंडलीच्या लाकडाचा एक ओंडका घेऊन आले. त्यांच्या होडीखाली घालायचा ओंडका, होडी विकली तरी ठेवलेला. तो इंजिनाच्या पायाखाली उभा ठोकून बसवला, वरून नायलॉनची दोरी माडाला बांधली. मग मला बाजूला उभं करून म्हणाले, "आता सोड."

मी लांब दांड्याच्या पेचकसानं स्क्रू सोडला. एक वेढा, दोन, तीन. कट्‌ असा आवाज झाला, आडणा तुटला, आणि इंजिन धाडकन ओंडक्यावर बसलं. दोरी ताणली गेली, माडाचा शेंडा हलला. ओंडका नसता तर पूर्ण वजन जिथे आलं असतं, तिथे दोन मिनिटांपूर्वी माझी चार बोटं होती. आम्ही दोघेही काही वेळ काही बोललो नाही. मग बाबांनी बिडी पेटवली. बिडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली होती.

खिळी मिठानं धरल्या होत्या, त्या काढण्यात दुपार गेली. नळकांडं पडवीत आणलं. टोपीला पान्याला धरायला कोपरेच नाहीत, नुसती दोन भोकं. शेजारच्या वेल्डरकडून पट्टीला दोन खुंट्या जोडून घेतल्या, तोच आमचा पाना. टोपी हलेना. मी स्टोव्हची ज्योत द्यायला निघालो होतो, आईनं चुलीवरचं आधणाचं पाणी पुढे केलं. "आगीन रबर जळतला. ह्यां वत." दोन तपेली उकळतं पाणी टोपीवर ओतलं नि पट्टीला लटकलो. कर्र करून टोपी फिरली. घरातलं माणूस यंत्राबद्दल काही बोललं की आपण ऐकत नाही. ते नेहमी चुकीचं असतं असं नाही.

आतून निघालेलं तेल दुधाळ कॉफीसारखं होतं. तेल बाहेर जात होतं त्याच वाटेनं पाणी आत येत होतं. टोपीतल्या सीलाचा ओठ एका बाजूनं फाटलेला. आतल्या दट्ट्यावरची रबरी कडी मूळची गोल, दाबून दाबून चपटी झालेली. रात्री इंजिन खाली यायचं त्यात तिचाही वाटा. मी ते तेल अंगणाच्या कडेला फेकायला निघालो, सवयीनं. बाबा म्हणाले, "वतू नको. डब्यात भर." डबा भरून, झाकण लावून ठेवला. पुढे तो मेस्त्रीच्या जुन्या तेलाच्या पिंपात गेला.

दुसऱ्या दिवशी दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीनं कुडाळला गेलो. तिथे जेसीबी, ट्रॅक्टरचे सील मिळतात. दुकानदारानं फाटकं सील बाजूला ठेवलं. "फाटक्याचा माप घेव नये," म्हणाला, "ता फुगलेला असता." व्हर्नियरनं दांडा मोजला, टोपीतली खाच मोजली आणि तेल सहन करणाऱ्या रबराचं सील काढून दिलं. दोन सील आणि तीन कड्या, सगळे मिळून एका पर्यटकाच्या फेरीच्या पैशांत. मेस्त्रीनं सांगितलेल्या किमतीपुढे ते काहीच नव्हतं. मी पैसे काढले तेव्हा त्यानं दांडा उजेडात धरला. "सील देतंय. पण ह्या दांड्यावर ता दोन महिने टिकतला. ह्येका परत क्रोम व्हया."

क्रोम कोल्हापूरला. तारीख होती १९ डिसेंबर. नाताळापासून एकतीस तारखेपर्यंतचा आठवडा आमचा सुगीचा. वर्षाच्या कमाईतला मोठा घास त्या आठवड्यात असतो. बारीक पॉलिश-कागदानं दांडा घासला, नवं सील घातलं, तर तो आठवडा सहज निघाला असता. मार्चपर्यंतही निघालं असतं कदाचित. पुन्हा हळूहळू गळायला लागलं असतं आणि बाटली परत सीटखाली आली असती.

रात्री बाबांना विचारलं. ते म्हणाले, "होडी तुझी. ठरव तूच." मी म्हटलं, हप्ता आहे. ते म्हणाले, "आसा." एवढंच. मला वाटत होतं त्यांनी सांगावं, म्हणजे ओझं त्यांच्यावर जाईल. त्यांनी ते घेतलं नाही.

पहाटेच्या गाडीनं घाट चढून कोल्हापूरला गेलो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत क्रोम करणारा शोधला. त्यानं दांड्यावर बोट फिरवून विचारलं, "समुद्राचं काय हो?" मी हो म्हटलं. "जुना मुलामा काढायचा, घासायचं, नवा चढवायचा, परत मापाला घासायचं. आठ-दहा दिस लागत्यात. गडबड केलासा तर परत येशिला." मी म्हटलं, गडबड नाही. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना पोटात कालवलं, पण ते बाहेर पडलं.

नाताळचा आठवडा मी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून काढला. रोजावर. जॅकेट बांधायची, हात देऊन माणसं उतरवायची, दोरी धरायची. ओळखीची माणसं विचारायची, तुझी होडी कुठे? ती आमच्या माडाखाली ओंडक्यावर इंजिन टेकून उभी होती. हप्ता थकला. पतसंस्थेत जाऊन मुदत मागितली, आणि दंडासकट मिळाली. या सगळ्याला मोठेपणा म्हणावं असं काही नव्हतं. दोन महिने आधी खोललं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

जानेवारीत दांडा आला. बाबांनी नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. सगळे भाग स्वच्छ धुतले. नवं सील दांड्याच्या आट्यांवरून सरकवताना फाटू नये म्हणून आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, वर तेल लावलं. बसवताना घाई केली नाही. इंजिन पूर्ण वर धरून टाकीत तेल घातलं, कारण दांडा बाहेर असतानाच तेलाची खरी पातळी कळते. वर-खाली केलं, तेल खाली गेलं, बुडबुडे आले. थांबलो. पुन्हा घातलं. पाच-सहा खेपांनंतर मोटरचा आवाज बदलला. आधी ती रिकामी ओरडायची, आता भार उचलल्यासारखी घुमायला लागली.

संध्याकाळी होडी माडाखालीच, वाळूवर. इंजिन वर घेतलं. मी ओंडका लावायला गेलो तर बाबा म्हणाले, "आज नको. आज तेका एकट्याक ऱ्हवांदे." केरसुणीतला एक लांब हीर त्यांनी ओढून काढला आणि पंख्याचं टोक व वाळू यांच्या मधे बरोब्बर मापाचा तोडून उभा केला. हीर म्हणजे माडाच्या पातीची काडी. इंजिन बोटभर जरी खाली आलं तरी ती वाकणार. पोरं खाली खेळू नयेत म्हणून भोवती दोरी बांधली.

रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून बॅटरी घेऊन गेलो तर बाबा आधीच तिथे उकिडवे बसले होते. हीर सरळ उभा होता. खाली वाळू कोरडी.

"ऱ्हवला," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच, न बोलावता, माझ्या होडीवर चढून बसले. आम्ही भरतीला होडी पाण्यात घातली आणि खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. ते मागे, इंजिनाशेजारी बसले होते. माझ्याकडे पाठ करून, होडीमागच्या पाण्याकडे बघत. तवंग नव्हता.

त्याच दिवशी मी काकीकडे गेलो. ती अंगणात बसून मुळे फोडत होती. मी सांगितलं, वास माझ्या इंजिनाचा होता. दिवाळीपासून मला माहीत होतं. तिनं हातातला कोयता खाली ठेवला नाही.

"माका दिसा होता रे," ती म्हणाली. "तवंग तुझ्याच होडयेकडसून येय."

"मग बोललंस कित्याक नाय?"

"तुझ्या घरात येवन तर बोल्लंय," ती म्हणाली नि पुढचा मुळा उचलला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी होडी बांधली, की घरून आणलेल्या कळशीभर गोड्या पाण्यानं दांडा धुतो, फडक्यानं पुसतो, तेलाचा हात फिरवतो. पाच मिनिटांचं काम. पुढे सील दोनदा बदललं, दांडा तोच आहे. पहिल्या रात्री मी अजूनही ओंडका बाजूला ठेवतो आणि केरसुणीतला एक हीर काढून इंजिनाखाली उभा करतो. मालवणचा मेस्त्री एकदा ते बघून हसला होता. हल्ली तोही कुणाचं टिल्ट दुरुस्त केलं की गिऱ्हाइकाला सांगतो, सकाळपर्यंत एक हीर लावून ठेव.